विशेष मुलांसाठी संगीताचा तास: तयारीपासून सादरीकरणापर्यंत

विशेष शाळेत किंवा समावेशक वर्गात संगीताचा तास घेणारे बहुतेक शिक्षक संगीतात कच्चे नसतात. त्यांचा क्रम चुकतो. आधी गाणे ठरते, मग ते बसवण्याची घाई होते आणि त्या गाण्यात अमुक मुलाला काय करता येईल, हा विचार सर्वांत शेवटी होतो. मग शिक्षक हार्मोनियमवर गात राहतात, वर्गातल्या मावशी मागे बसून मुलांचे हात धरून टाळ्या वाजवून घेतात आणि तास संपेपर्यंत मुलाने स्वतःहून एकही आवाज काढलेला नसतो. स्पीकरवर चित्रपटगीते लावायची आणि ‘मुले छान रमली’ असे म्हणायचे, हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार आहे. त्याला विरंगुळा म्हणावे. संगीताचा तास म्हणू नये.

पुढील मांडणीत पाच ते आठ विद्यार्थ्यांचा मिश्र गट गृहीत धरला आहे: कोणाला बौद्धिक अक्षमता, कोणाला ऑटिझम, कोणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे), कोणाला डाउन सिंड्रोम, कोणाला ऐकण्याची वा पाहण्याची अडचण. शिक्षकाला गाता-वाजवता येते, पण विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण झालेले नाही, हेही गृहीत आहे. हा तास म्हणजे संगीतोपचार नव्हे. ते वेगळे शास्त्र आहे आणि त्याचे प्रशिक्षणही वेगळे असते. त्यामुळे ‘गाण्याने मूल बोलू लागेल’ असे आश्वासन पालकांना देऊ नये. आपण संगीत शिकवत आहोत आणि तेवढे नीट जमले तरी पुष्कळ आहे.

टप्पा १: पहिल्या तासाआधीची विचारपूस

पहिल्या तासाच्या किमान आठवडाभर आधी प्रत्येक विद्यार्थ्याच्या विशेष शिक्षकांना, पालकांना आणि असल्यास फिजिओथेरपिस्ट व वाचाउपचारतज्ज्ञांना भेटावे. निदानाचे नाव विचारून थांबू नये. ‘ऑटिझम आहे’ एवढ्यावरून त्या मुलाला झांजेचा आवाज सोसेल की नाही हे कळत नाही. एक मूल कान झाकून खोलीबाहेर पळते आणि त्याच निदानाचे दुसरे मूल झांजेला कान लावून बसते.

विचारायचे ते व्यवहाराचे. मूल ‘हो’ आणि ‘नाही’ कसे सांगते: मान हलवून, डोळ्यांनी, चित्रावर बोट ठेवून की नुसते तोंड फिरवून? कोणता हात बरा चालतो? कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल-ताशा, फटाके यांपैकी कशाला घाबरते? घरी काय ऐकते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पालक बहुधा संकोचाने देतात, कारण ते मालिकेचे शीर्षकगीत, मोबाइलची रिंगटोन किंवा गणपतीची आरती असे काहीही असू शकते. तरीही ते आवर्जून नोंदवावे, कारण मूल कशाने वळते याचा पहिला धागा तिथेच सापडतो. औषधे चालू असल्यास कोणत्या वेळी गुंगी येते, हेही विचारावे. अकरा वाजता पेंगणाऱ्या मुलाचा तास सकाळी दहाला घेतला, तर अर्धी अडचण आपोआप सुटते.

प्रत्येक मुलासाठी एक कार्ड करावे आणि ही माहिती त्यावर चार-पाच ओळींत लिहावी. जाडजूड फाइल तासात कोणी उघडत नाही.

*इशारा.* डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यामुळे लेझीम, फुगडी किंवा नाचाच्या निमित्ताने मान झटक्याने वाकवणे, कोलांट्या आणि उड्या यांना डॉक्टरांची लेखी परवानगी नसेल तर जागा देऊ नये. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असलेल्या मुलांना बासरी, पिपाणी अशी फुंकून वाजवायची वाद्ये देण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे.

*फिट येत असल्यास.* वर्गात फिट आली तर प्रथम घड्याळ पाहावे. आसपासची वाद्ये आणि स्टँड बाजूला सारावेत, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि झटके थांबताच मुलाला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा कापड घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, लागोपाठ दुसरी फिट आली किंवा मूल शुद्धीवर आले नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे वर्गातील मावशींनाही आधीच सांगून ठेवावे, कारण त्या क्षणी शिक्षक हार्मोनियममागे अडकलेले असतात. लुकलुकणारे डिस्को दिवे संगीताच्या खोलीत नसलेलेच बरे.

टप्पा २: शिकवण्याआधी पाहणे

पहिले दोन तास शिकवू नये. चार-पाच वेगवेगळे आवाज घेऊन बसावे: तंबोऱ्याचा संथ स्वर (मोबाइलवरील तानपुरा ॲप चालेल), एक घुंगरू, खंजिरी, हार्मोनियमचा एक स्वर आणि स्वतःचा आवाज. एका वेळी एकच आवाज काढावा, थांबावे आणि मुलाकडे पाहावे. नजर वळली का, चाळा थांबला का, श्वास बदलला का, हात पुढे आला की शरीर ताठरले? बोलू न शकणाऱ्या मुलाचा प्रतिसाद अनेकदा एवढाच असतो आणि पुढचा सगळा तास त्याच्यावरच उभा करायचा असतो.

याच दोन तासांत मुलाची स्वतःची लय शोधावी. प्रत्येक मूल काही ना काही ठोकत, झुलत किंवा हलवत असते. त्या हालचालीच्या गतीने शिक्षकांनी ढोलकीवर साधी थाप धरावी आणि मूल ते ओळखते का, हे पाहावे. आपल्या लयीत कोणी वाजवते आहे हे लक्षात आल्यावर पुष्कळ मुले मुद्दाम थांबून पाहतात, पुन्हा सुरू करतात आणि वर बघतात. ही झाली पहिली जुगलबंदी, आणि तिच्यासाठी सा कोणता हेदेखील मुलाला माहीत असावे लागत नाही.

*तपासणी.* दोन तासांनंतर प्रत्येक मुलाबद्दल ‘याला अमुक आवाज आवडतो आणि तो हे असे दाखवतो’ हे वाक्य पूर्ण करता आले पाहिजे. ज्याच्याबद्दल ते करता येत नाही, त्या मुलासाठी पाहणीचा आणखी एक तास घ्यावा.

टप्पा ३: प्रत्येकासाठी एकच उद्दिष्ट

‘लयीची जाण वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साधले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ‘गाणे थांबले की खंजिरी थांबवणे’, ‘आपले नाव आल्यावर ढोलकीवर एक थाप देणे’, ‘शिक्षकांनी सा धरल्यावर त्याच स्वराच्या आसपास आवाज काढणे’, ‘दोन वाद्यांपैकी एक निवडणे’ ही उद्दिष्टे डोळ्यांनी दिसतात आणि कानांनी ऐकू येतात. प्रत्येक मुलाला एका सत्रासाठी असे एकच उद्दिष्ट द्यावे.

उद्दिष्ट संगीताचेच असावे, असा माझा आग्रह आहे. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात (विशेष शिक्षक प्रत्येक मुलासाठी लिहितात त्या उद्दिष्टांच्या योजनेत) ‘शांत बसणे’ आणि ‘आज्ञा पाळणे’ ही वाक्ये इतक्या सहजपणे येतात, की संगीताचा तासही शिस्तीचा तास होऊन बसतो. ज्याला वाजवण्यात रस आहे ते मूल आपली पाळी येईपर्यंत थांबायला आपोआप शिकते. ते वेगळे शिकवावे लागत नाही.

टप्पा ४: खोली आणि बैठक

पत्र्याचे छत, उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला त्यात शब्द वेगळे काढता येत नाहीत आणि आवाजाला हळव्या असलेल्या मुलाला तिथे बसवत नाही. जाड सतरंजी, खिडक्यांना पडदे आणि मागच्या भिंतीला टांगलेली एखादी गोधडी एवढ्यानेही फरक पडतो. घरघरणारा पंखा तासापुरता बंद ठेवता येत असेल, तर ठेवावा.

बैठक अर्धवर्तुळात असावी. श्रवणदोष असलेल्या मुलाला शिक्षकांचा चेहरा आणि ओठ दिसले पाहिजेत. खिडकी शिक्षकांच्या पाठीशी असेल तर चेहरा काळोखा दिसतो, म्हणून उजेड समोरून घ्यावा. आवाजाने बेजार होणाऱ्या मुलाला दाराजवळ बसवावे आणि बाहेर जाऊन परत येण्याची मुभा द्यावी. असे मूल व्हरांड्यातून ऐकत असेल तर तेही तासाला हजरच आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाची पावले टेकलेली आणि पाठ आधाराला हवी. शरीर तोल सांभाळण्यात गुंतलेले असेल तर हात वाजवायला मोकळा राहत नाही.

वाद्ये समोर मांडून ठेवू नयेत. ती चादरीखाली झाकलेली असावीत.

टप्पा ५: वाद्ये मुलाच्या हातासाठी तयार करणे

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. एक उदाहरण सविस्तर पाहू. मुलगा चाकाच्या खुर्चीत बसतो, उजवी मूठ घट्ट मिटलेली असते, पण खांद्यापासून हात आडवा फिरवता येतो. त्याच्या हातात खंजिरी दिली तर ती पडते. मूठ उघडून काठी कोंबली तर मूठ आणखी आवळते. म्हणून वाद्य हातात देऊच नये. खंजिरी एका उभ्या स्टँडवर, त्याच्या कोपराच्या उंचीवर, उजव्या बाजूला बांधावी; म्हणजे हात आडवा फिरला की मुठीची मागची बाजू तिच्यावर आपटते. सुरुवातीला ती इतकी जवळ असावी की जरा हात हलला तरी आवाज यावा. आवाज आपल्यामुळे आला हे त्याच्या लक्षात आल्यावरच ती चार बोटे लांब सरकवावी. घाईने लांब नेल्यास तीन-चार निष्फळ प्रयत्नांनंतर मूल थांबते आणि ‘याला रस नाही’ अशी नोंद होते.

काठी धरू शकणाऱ्या, पण पकड कमजोर असलेल्या मुलासाठी काठीची मूठ जाड करावी. एसीच्या पाइपावर चढवतात ती काळी फोमची नळी किंवा सायकलच्या ट्यूबचा गुंडाळलेला तुकडा उत्तम चालतो. वेलक्रोच्या पट्टीने काठी हाताला बांधायची असेल तर पट्टीखाली दोन बोटे जातील इतकी सैल ठेवावी, एका गाण्यानंतर सोडावी आणि त्वचा लाल झाली आहे का ते पाहावे. ट्रेवर ठेवलेले वाद्य सरकू नये म्हणून कपाटात अंथरतात ती जाळीदार रबरी चटई खाली घालावी.

हार्मोनियम एकट्याने वाजवायलाच हवी असे नाही. एकाने भाता मारावा आणि दुसऱ्याने पट्ट्या दाबाव्यात. ज्याची बोटे चालत नाहीत, पण हात मागेपुढे होतो, त्याला भाता हे खरेखुरे काम मिळते, कारण तो थांबला की सूर थांबतो आणि हे सगळ्यांना ऐकू येते. दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्या पट्ट्यांवर खुणा चिकटवू नयेत. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. ते गट बोटांनी ओळखायला शिकवावे आणि फक्त ‘सा’वर एक उठावाची टिकली लावावी.

सायलोफोन किंवा मेटॅलोफोन (लाकडी किंवा धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचे वाद्य) घेताना पट्ट्या सुट्या निघणारा पाहून घ्यावा. त्यातील म आणि नी काढून ठेवले की सा, रे, ग, प, ध हे भूप रागाचे स्वर उरतात आणि मूल कुठेही मारो, शिक्षकांच्या तंबोऱ्याशी विसंवाद होत नाही. शिक्षकांना सारखे ‘इथे नको, तिथे मार’ म्हणावे लागत नाही, हा मोठा फायदा आहे.

*तपासणी.* घुंगरू आणि खुळखुळ्याचे मणी ओढून पाहावेत. सैल मणी तोंडात जातो. फुंकून वाजवायचे वाद्य ज्याचे त्याचे स्वतंत्र असावे आणि तासानंतर धुवावे. शेजाऱ्याशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर त्या खोलीसाठी ते वाद्य फार मोठे आहे. ताशा आणि मोठी झांज बहुतेक वर्गखोल्यांत बसत नाहीत. गोव्यातील शाळांत घुमट हे तालवाद्य सहज मिळते आणि मांडीवर घेतल्यावर त्याची थरथर अंगाला चांगली जाणवते, पण ते मातीचे असल्याने शिक्षकांच्या किंवा मावशींच्या आधारानेच द्यावे.

टप्पा ६: गाणे बेतणे

गाणे निवडताना तीन ठिकाणी गफलत होते: पट्टी, लय आणि लांबी.

काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून, गाणारे शिक्षक मुलांनाही काळी एकमध्येच गायला लावतात आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात मुलांचा आवाज बुडतो. लहान मुलांसाठी पांढरी चार ते काळी पाच या टापूत सा शोधावा आणि गाणे सा ते प एवढ्यात ठेवावे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांचा आवाज जाडसर आणि खालच्या पट्टीचा असतो. त्यांच्यासाठी सा खाली घ्यावा. एका गाण्याने सगळ्या गटाचे भागणार नसेल तर एकाला सुराऐवजी ठेक्याचे काम द्यावे.

लय संथ केली की मुलांना सोपे जाते, हा पसरलेला गैरसमज आहे. फार संथ लयीत दोन मात्रांमधले अंतर धरून ठेवणे उलट अवघड जाते. मिनिटाला शंभर ते एकशेवीस मात्रांच्या आसपास सुरुवात करावी आणि दुसऱ्या टप्प्यात सापडलेल्या मुलाच्या लयीकडे सरकावे. दादरा आणि केरवा हे दोन ताल पुरेसे आहेत. केरव्याचे ‘धागेनाति नकधिन’ हे बोल तोंडाने म्हणायलाही मुलांना आवडतात, आणि ज्यांना शब्द जड जातात त्यांच्यातील काही मुले हे बोल सहज उच्चारतात.

गाणे दोन ते चार ओळींचे असावे आणि त्यात मुलासाठी रिकामी जागा असावी. केरव्याच्या पहिल्या चार मात्रांत ‘सांग सांग, कोण आलं?’ असा प्रश्न आणि पुढच्या चार मात्रा मोकळ्या, एवढे पुरते. या मोकळ्या जागेत एक मूल आपले नाव म्हणेल, दुसरे थाप देईल, तिसरे नुसता ‘आ’ लावेल, चौथे बटण दाबल्यावर ध्वनिमुद्रित आवाज ऐकवणाऱ्या साधनातून ‘मी आलो’ म्हणेल. ज्या गाण्यात अशी जागाच नाही, ते श्रवणासाठी ठेवावे.

सोळा वर्षांच्या मुलाला बडबडगीते देऊ नयेत. त्याची आकलनाची पातळी लहान मुलासारखी असली तरी आवड तशी असतेच असे नाही आणि त्याचा मान तरी नक्कीच तसा नसतो. कोळीगीताचा ठेका, लेझमीची चाल, पोवाड्यातले ‘जी जी र जी’ यांत त्याला एक-दोन शब्दांचीच, पण मोठ्या माणसाची भूमिका देता येते.

टप्पा ७: तासाचा क्रम

चाळीस मिनिटांचा तास असा चालवावा.

१. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आज काय होणार, हे पाच चित्रांच्या पट्टीवर दाखवावे. भाग संपला की ते चित्र मुलाने काढून डब्यात टाकावे.

२. स्वागतगीत, प्रत्येकाच्या नावासह. चाल पूर्ण सत्रभर एकच ठेवावी. शिक्षकांना त्याचा कंटाळा येतो. मुलांना येत नाही.

३. वाद्याचा मुख्य भाग, सुमारे बारा मिनिटे. तासातील मोठा आवाज इथे, मध्यावर यावा.

४. गाणे, वाद्यांशिवाय.

५. मुक्त वादन: मुलाने निवडलेले वाद्य, मुलाची लय, शिक्षकांची साथ.

६. निरोपाचे गीत, हळू आवाजात, तंबोऱ्याच्या स्वरावर.

एका तासात नवी गोष्ट एकच असावी. गाणे नवे असेल तर वाद्य जुने हवे. भाग बदलताना तोंडी सूचनांचा मारा करू नये. एकतारीची एक छेड हीच ‘आता पुढचे’ अशी खूण ठरवावी.

*नेहमीची चूक.* वाद्ये वाटून झाल्यावर ती कशी वाजवायची हे समजावणे. वाद्य हातात आले की मूल ते वाजवणारच आणि त्यासाठी त्याला रागावणे अन्यायाचे आहे. आधी वाजवून दाखवावे, मग एकेकाला द्यावे आणि दिल्याबरोबर वाजवू द्यावे.

टप्पा ८: थांबणे

ज्या शिक्षकांचे मागचे सातही टप्पे नीट पार पडतात, ते बहुधा इथे अडतात. रिकामी जागा येते, मूल काहीच करत नाही, तीन सेकंदांत शिक्षक पुन्हा गातात, मावशी हात धरून थाप मारतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला ऐकलेले समजून हात उचलेपर्यंत दहा-पंधरा सेकंद सहज लागू शकतात. त्याची हालचाल सुरू होणार तेवढ्यातच आपण त्याच्या वतीने थाप देऊन मोकळे होतो. असे दर वेळी होऊ लागले की मूल प्रयत्न करणे सोडते, कारण थाप तर कोणीतरी मारतेच.

म्हणून क्रम पाळावा. आधी जागा सोडून मनात दहापर्यंत मोजावे. तंबोरा चालू ठेवावा, म्हणजे शांतता अवघडल्यासारखी वाटत नाही. काही झाले नाही तर मुलाकडे पाहून भुवया उंचवाव्यात आणि पुन्हा दहा मोजावेत. मग वाद्याकडे बोट दाखवावे. मग स्वतः एकदा वाजवून दाखवावे. शेवटी, आणि मुलाने परवानगी दिली तरच, स्पर्श करावा. तोही मुलाचा हात वरून धरून नव्हे, तर आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला हात काढून घेता येतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये ‘वाजव ना, वाजव, असं बघ’ हे पालुपद नको. बोलणे सुरू झाले की मूल ऐकण्यात गुंतते आणि वाजवायचे राहते.

हे दहा आकडे मोजणे मावशींनाही शिकवावे लागते. त्यांना ‘मदत करू नका’ म्हटले की त्या दुखावतात, आणि ते बरोबरच आहे. त्यापेक्षा ‘मावशी, तुम्ही मोजा आणि मी खूण केल्यावरच हात द्या’ असे निश्चित काम द्यावे.

*तपासणी.* एका तासाचे ध्वनिमुद्रण करून ऐकावे. त्यात मोठ्यांचे आवाज सतत आणि मुलांचे क्वचित ऐकू येत असतील, तर पुढच्या तासात एक गाणे कमी करावे.

टप्पा ९: गरजेप्रमाणे फेरबदल

श्रवणदोष असलेल्या मुलाकडे ‘याला संगीत कशाला’ म्हणून दुर्लक्ष होते. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे साधन) असलेल्या मुलांना स्वरांची उंची ओळखणे कठीण जाते, पण लय बरीच चांगली कळते. म्हणून आधी ठेका, नंतर दूरच्या स्वरांतील फरक (सा आणि तार सा) आणि मग जवळचे स्वर, असे जावे. श्रवणयंत्र बोलण्यासाठी जुळवलेले असते, त्यामुळे मोठा आवाज फाटून ऐकू येऊ शकतो किंवा एकदम असह्य होतो. आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. ढोलकीच्या खोडाला हात लावू द्यावा किंवा लाकडी फळीवर बसवून तिच्यावर ढोलकी ठेवावी.

सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुले अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने दचकून ताठरतात. झांज वाजण्यापूर्वी ‘एक, दोन’ म्हणून पूर्वसूचना द्यावी. स्नायूंचा क्षय होत जाणाऱ्या आजारात मुलाची ताकद दर वर्षी कमी होत जाते. त्याचे वाद्य हलके करत न्यावे आणि मागच्या वर्षी तो काय वाजवत होता याची तुलना त्याच्यासमोर करू नये.

ऑटिझम असलेले मूल एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर तिला अडथळा समजू नये. तिची पट्टी धरावी, तिच्याखाली ठेका द्यावा आणि शेवटचा शब्द गाळून थांबावे. कान झाकणारे हेडफोन मागितल्यास द्यावेत. गाणे ऐकायला ‘काढ ते’ म्हणू नये.

अंध विद्यार्थ्यांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेची होते. प्रत्येक अंध मूल गाण्यात हुशारच असणार, असे धरून चालतात आणि ज्याला गाणे जमत नाही त्याची निराशा होते. त्यालाही बाकीच्यांसारखेच शिकवावे, वाद्यांच्या जागा मात्र बदलू नयेत.

टप्पा १०: नोंद

तास संपल्यावर पाच मिनिटांत प्रत्येक मुलापुढे एकच खूण करावी: ‘स्व’ म्हणजे स्वतःहून केले, ‘खू’ म्हणजे खुणेने केले, ‘स्प’ म्हणजे स्पर्शाच्या मदतीने केले, आणि न केल्यास रेघ. शेजारी किती थांबावे लागले ते लिहावे. ‘आज खूश होता’ ही नोंद वाचायला बरी वाटते, पण पुढच्या तासाला तिचा उपयोग होत नाही. लागोपाठ तीन-चार तास ‘स्प’च येत असेल तर दोष उद्दिष्टात किंवा वाद्याच्या जागेत शोधावा, टप्पा ५ पुन्हा करावा.

ज्यांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकसारख्या परीक्षेला बसायचे आहे, त्यांच्यासाठी जादा वेळ, लेखनिक किंवा बैठकीतला बदल यांबद्दल परीक्षा केंद्राकडे अर्जासोबतच लेखी विचारणा करावी. आदल्या दिवशीची विनंती कोणालाच सोयीची नसते.

टप्पा ११: स्नेहसंमेलन आले तर

स्नेहसंमेलनासाठी नवे गाणे घेऊ नये. वर्गात आधीच अंगवळणी पडलेले, रिकाम्या जागा असलेले गाणेच रंगमंचावर न्यावे. ध्वनिमुद्रित गाण्यावर मुलांना उभे करून ओठ हलवायला लावणे टाळावे. रंगमंचावर किमान दोन तालमी व्हाव्यात, त्यांतील एक तरी माइक आणि दिव्यांसह. माइकची कर्कश शिट्टी मुलाने पहिल्यांदा कार्यक्रमातच ऐकली, तर ते पुन्हा वर चढणार नाही. वर्गातील स्टँड, रबरी चटई, जाड मुठीची काठी, सगळे तसेच तिथे न्यावे. सजावटीसाठी ती बदलू नयेत. निवेदकाला मुलांबद्दल ‘बिचारे’, ‘देवाघरची फुले’ असे बोलू देऊ नये. गाण्याचे आणि वाजवणाऱ्यांचे नाव एवढे निवेदन पुरते. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकण्यापूर्वी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी आणि ज्याला कळते त्या विद्यार्थ्यालाही विचारावे.

ऐन वेळी एखादे मूल जायला नाही म्हणाले, तर त्याला उचलून नेऊ नये आणि त्याची जागाही दुसऱ्याने भरू नये. त्याच्या चार मात्रा मोकळ्या ठेवून बाकीच्यांनी गावे. पडद्याआडून त्याने थाप दिली तर ती माइकमध्ये यावी म्हणून एक वाद्य आणि एक मदतनीस विंगेत ठेवावे. असे होऊ शकते, हे पालकांना निमंत्रण देतानाच सांगून ठेवावे.